यादीतली सही : स्मरणशक्तीच्या तपासण्यांची दोन वर्षे

नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना बँकेत जाऊन हयातीच्या यादीत आपल्या नावासमोर सही करावी लागते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी मी त्यासाठी सांगलीतल्या आमच्या बँकेत गेले. माझा क्रमांक आल्यावर खिडकीतल्या मुलीने यादी माझ्याकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. माझ्या नावासमोर माझी सही होती, आणि तिच्या शेजारी माझ्याच अक्षरात सोमवारची तारीख होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे अक्षर ओळखण्यात माझी चूक होत नाही, स्वतःचे तर नाहीच. तरीही सोमवारी मी इथे येऊन गेले होते याची कोणतीही खूण मला मनात सापडेना. एरवी विसरलेली गोष्ट कोणी सांगितली की ती लगेच जागी होते, सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपण मान डोलावतो. त्या दिवशी काहीच जागे झाले नाही. मी त्या सहीकडे पाहत राहिले, आणि मागच्या गृहस्थांनी 'बाई, झालं का?' असे विचारल्यावर बाजूला झाले.

पुढे जे कळले त्यावरून सांगते की, हा फरक महत्त्वाचा असतो. वय वाढले की आठवण काढायला वेळ लागतो, नावे जिभेवर अडतात, पण कोणी थोडा दुवा दिला की ती सापडतात; म्हणजे गोष्ट साठवलेली असते, फक्त हाती लागत नसते. दुवा देऊनही जेव्हा काही सापडत नाही, तेव्हा ती मुळात साठवलीच गेली नसावी, अशी शंका डॉक्टर घेतात. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. घरी येऊन मी यजमानांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'दोन-तीन महिने मी पाहतोय, पण तुला कसं सांगावं ते कळत नव्हतं.' मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घाई केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितले : हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ब-१२ जीवनसत्त्व. विसरभोळेपणाची जी कारणे औषधाने दूर होऊ शकतात, ती आधी शोधायची आणि मगच पुढचा विचार करायचा, असा त्यांचा क्रम होता. थायरॉइड आणि सोडियम ठीक निघाले. ब-१२ मात्र १४८ आले. साधारणपणे २०० च्या खाली ते कमी समजले जाते. मी जन्माची शाकाहारी, मधुमेहासाठी चौदा वर्षे मेटफॉर्मिन घेणारी, आणि पित्तासाठी रोज सकाळी गोळी घेणारी. मेटफॉर्मिनमुळे आणि पोटातले आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे ब-१२ शरीरात नीट शोषले जात नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा कळले.

त्यानंतर त्यांनी माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. त्यांत रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलीनची एक लहान गोळी होती. तळपायांना मुंग्या येतात म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी ती सुरू झाली होती, आणि नंतर ती बंद करावी की नाही हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. स्मरणशक्तीच्या कामात मेंदूतले अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन लागते, आणि ही गोळी नेमके तेच अडवते. उतारवयात तर तिचा परिणाम अधिक जाणवतो. पायांच्या मुंग्या ब-१२ च्या कमतरतेनेही येऊ शकतात. म्हणजे एका कमतरतेचे लक्षण झाकण्यासाठी मी जी गोळी घेत होते, तीच स्मरणशक्तीवर दुसरे ओझे टाकत असण्याची शक्यता होती. माझ्या वयाच्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा तरी आपल्या गोळ्या अशा टेबलावर मांडाव्यात आणि प्रत्येकीचे कारण विचारावे, असे मला मनापासून वाटते.

इंजेक्शने सुरू झाली आणि गोळी हळूहळू कमी करत बंद केली. पण मधल्या काळात बंगळुरूला असलेल्या माझ्या मुलाने काळजीपोटी एका खाजगी प्रयोगशाळेचे 'मेंदूच्या आरोग्याचे पॅकेज' ऑनलाइन घेतले. एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. त्यात जनुकाची तपासणी आहे हे मला सांगितले गेले नाही, तिचा अर्थ समजावायला कोणी बसले नाही, आणि कोणत्या कागदावर सही घेतली तेही मी वाचले नाही. जानेवारीत एका रात्री साडेनऊला अहवाल ईमेलवर आला. यजमान झोपले होते. लाल चौकटीत लिहिले होते की माझ्याकडे एपीओई जनुकाचा ई-४ हा प्रकार एका प्रतीत आहे आणि अल्झायमरचा धोका वाढलेला आहे. त्यापुढे काहीही नव्हते, फक्त एक दूरध्वनी क्रमांक होता, तोही कार्यालयीन वेळेत चालणारा. ती रात्र मी स्वयंपाकघरात बसून काढली.

नंतर मेमरी क्लिनिकमध्ये एका डॉक्टरांनी मला या जनुकाबद्दल नीट सांगितले, आणि जे त्या रात्री कोणीतरी सांगायला हवे होते ते इथे लिहिते. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ई-३ हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. ई-४ आणि उतारवयातला अल्झायमर यांचा संबंध १९९३ साली लक्षात आला. युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांत ई-४ ची एक प्रत असलेल्यांमध्ये धोका सुमारे तिपटीने वाढलेला दिसतो, दोन प्रती असल्यास त्याहून बराच अधिक. परंतु ई-४ असूनही आयुष्यभर आजार न होणारे पुष्कळ असतात, आणि ई-४ नसताना आजार होणारेही असतात. म्हणून ही तपासणी निदान करत नाही. मला त्याहून मोठी वाटलेली गोष्ट अशी की, जनुक जन्मापासून तेच असते. मी विशीत होते तेव्हाही, पन्नास मुलांची नावे हजेरीपट न उघडता म्हणत होते तेव्हाही, ते माझ्यात होतेच. जो आकडा कधी बदलतच नाही, तो माझ्यात काय बदलले हे कसे सांगणार? आणि आणखी एक. त्या अहवालाने माझ्या मुलीबद्दल आणि मुलाबद्दलही काहीतरी सांगून टाकले होते, कारण ती प्रत त्यांच्यात उतरली असण्याची शक्यता निम्मी आहे. हे त्यांना विचारल्याशिवाय झाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलगी मला पुण्याच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिथे सर्वांत आधी कान तपासले, कारण शब्द नीट ऐकूच आला नाही तर तो आठवणार कुठून. मग मुलीला वेगळ्या खोलीत बसवून सोळा प्रश्नांची एक यादी दिली. त्यातला प्रत्येक प्रश्न दहा वर्षांपूर्वीची आई आणि आजची आई यांची तुलना करायला सांगत होता : अलीकडे झालेले बोलणे लक्षात राहते का, नवीन यंत्र वापरायला शिकते का, पैशाचे व्यवहार सांभाळते का, सुधारले, तसेच आहे, थोडे बिघडले, फार बिघडले. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारले नाही.

माझी चाचणी तिशीतल्या एका मानसशास्त्रज्ञ मुलीने घेतली. ती मला काकू म्हणत होती. मोका या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी कॅनडात तयार झाली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला तीस गुण असतात आणि सव्वीस किंवा त्याहून अधिक गुण साधारण ठीक मानतात. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची होती. मी वर्तुळ काढले, आकडे बसवले, काटे काढले, आणि मिनिटकाटा दोनवर नेताना क्षणभर हात थांबला, कारण 'दहा' हा शब्द कानात होता आणि समोर दहाचा आकडा दिसत होता. शंभरातून सात-सात वजा करताना ९३, ८६, ७९, ७२, ६५ असे मी धडाधड म्हटले. पाढे घोकून घेणाऱ्या बाईचे ते आयुष्यभराचे काम. एका अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगताना मात्र एक विचित्र गोष्ट झाली. माझे माहेर जत तालुक्यातले, घरात निम्मे बोलणे कानडीत. शब्द संपत आले तसे कानडी शब्द ओठावर येऊ लागले आणि मी ते गिळले. नंतर मी हे सांगितले तेव्हा तिने ते मुद्दाम लिहून घेतले. हैदराबादमध्ये ६४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली दिसली होती, असे ती म्हणाली. माहेरच्या भाषेबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी वैद्यकीय कारणाने विचारले होते.

आणि मग पाच शब्द. सुरुवातीला दोनदा वाचून दाखवलेले, मध्ये बाकीची कामे झाल्यावर परत विचारलेले. मला एक आठवला. तिने गटाचा दुवा दिला तेव्हा आणखी एक. उरलेल्या तिघांच्या जागी बँकेच्या खिडकीसमोर होती तशीच कोरी जागा होती. एकूण गुण बावीस. शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर या चाचणीत एक गुण वाढवून देतात. अकरावी मॅट्रिक आणि दोन वर्षांचे डी.एड. मिळून माझी तेरा झाली, म्हणून तो गुण मिळाला नाही. सही करू न शकणाऱ्या माझ्या आईला हीच चाचणी दिली असती तर काय झाले असते, हा विचार मला परतीच्या वाटेवर सुटला नाही. तिला तीनशे ओव्या पाठ होत्या.

एमआरआय अर्ध्या तासाचा होता. ठोके, घरघर, पुन्हा ठोके. मी मनात पाढे म्हणत राहिले. डॉक्टरांनी नंतर पडद्यावर मेंदूचा समोरून घेतलेला छेद दाखवला आणि दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एक लहानशी वळकटी दाखवली. तिला हिप्पोकॅम्पस म्हणतात, ग्रीक भाषेत समुद्रघोडा, आकारावरून. नवीन आठवण पक्की करण्याचे काम तिचे. ती आकसली की तिच्याभोवती पाण्याची काळी जागा वाढते आणि त्यावरून शून्य ते चार अशी श्रेणी देतात. माझी उजवीकडे एक आणि डावीकडे दोन होती. पंच्याहत्तरीच्या आत दोन ही श्रेणी सहसा वयाच्या मानाने जास्त धरतात, पंच्याहत्तरीनंतर तीच चालवून घेतात. पांढऱ्या भागात बारीक ठिपके होते, ते रक्तदाबाने आणि वयाने बहुतेकांना येतात. त्यांची श्रेणी सौम्य, एक. मी विचारले, 'डॉक्टर, डावी बाजू आत्ता आकसली की पहिल्यापासूनच लहान होती?' त्यांनी थोडा विचार करून उत्तर दिले की एका चित्रावरून ते सांगता येत नाही. हे उत्तर मला त्या दोन वर्षांतले सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते. घट हा शब्दच दोन वेळांच्या मधला आहे. एकदाच घेतलेले माप तुम्ही कुठे उभे आहात ते सांगेल. कुठून आलात, किती वेगाने आलात, ते सांगणार नाही.

त्यांनी त्या दिवशी कोणत्याही आजाराचे नाव घेतले नाही. ब-१२ भरून येऊ दे, बंद केलेल्या गोळीचा अंमल पूर्ण जाऊ दे, सहा महिन्यांनी परत या, एवढेच सांगितले. ऑगस्टमध्ये परत गेले तेव्हा ब-१२ पाचशेच्या पुढे होते, सकाळचा जडपणा गेला होता, आणि चाचणीत चोवीस गुण मिळाले. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, पण गुणपत्रिका वाचण्याची सवय असल्यामुळे मी एकूण गुणांवर थांबले नाही. वाढलेले गुण लक्ष आणि वेग लागणाऱ्या कामांत होते. पाच शब्दांपैकी आताही दोनच आठवले होते. डॉक्टरांनी तेव्हा एमसीआय, म्हणजे सौम्य स्वरूपाची आकलनघट, असे निदान लिहिले : विस्मरण वयाच्या मानाने जास्त, पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः चालू. अशा रुग्णांपैकी क्लिनिकमध्ये येणाऱ्यांत दरवर्षी साधारण दहा ते पंधरा टक्के पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही वर्षानुवर्षे तिथेच राहतात, आणि काही सुधारतातही.

पुढे जायचे की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडले. मेंदूत अ‍ॅमिलॉइड हे अल्झायमरशी जोडलेले प्रथिन साचते आहे का हे पाहायचे असेल तर पाठीच्या कण्यातले पाणी तपासता येते किंवा खास प्रकारचे पेट स्कॅन करता येते. पण त्याचा अर्थ आधी समजून घ्या, असे ते म्हणाले. स्मरणशक्ती चांगली असलेल्या लोकांतही अ‍ॅमिलॉइड सापडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात अशा निरोगी लोकांमध्ये पन्नाशीत सुमारे दहा टक्के आणि नव्वदीत सुमारे चव्वेचाळीस टक्के लोकांत ते आढळले होते. यजमानांचा विरोध होता. 'कळून करणार काय?' असे ते म्हणत, आणि त्यात चिडण्यापेक्षा भीती जास्त होती. मी चार महिने घेतले. शेवटी असे ठरवले की, शेताची वाटणी, मृत्युपत्र, बँकेतली नावे ही कामे मला स्वतःच्या पूर्ण भानात करायची आहेत, आणि त्यांना किती अवकाश आहे याचा अंदाज मिळणार असेल तर मला तो हवा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सकाळी उपाशीपोटी पाणी काढले. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, मुलीने समोरून माझे हात धरले. कमरेत भुलीच्या सुईचा डंख, मग खोल दाब, आणि थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, 'येतंय, स्वच्छ आहे.' मान वळवता येत नव्हती, म्हणून मी मुलीला ते कसे दिसते ते विचारले. 'निवळीसारखं, आई,' ती म्हणाली. ते काचेच्या नळीत घेतले नाही, पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत घेतले, कारण अ‍ॅमिलॉइड काचेच्या आणि काही प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटते आणि मग ते असते त्यापेक्षा कमी मोजले जाते. इतक्या बारीक गोष्टीवर एखाद्याच्या निदानाचा तोल असतो, हे ऐकून मी घाबरले नाही, उलट ती काळजी घेणाऱ्या परिचारिकेबद्दल मला विश्वास वाटला. दोन दिवस डोके दुखले, तेवढेच.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. आजारात पाण्यातले अ‍ॅमिलॉइड-४२ वाढत नाही, कमी होते, हे मला उलटे वाटले होते. डॉक्टर म्हणाले, 'बाई, धरणात गाळ अडून बसला की खालच्या पाण्यात तो कमी दिसतो, तसं आहे.' कृष्णाकाठी आयुष्य गेलेल्या बाईला याहून सोपे करून सांगता आले नसते. मुळात काहींच्या शरीरात हे प्रथिन एकंदर कमी-जास्त तयार होते, म्हणून ४२ ला ४० या दुसऱ्या रूपाने भागून गुणोत्तर पाहतात. माझे गुणोत्तर कमी होते. फॉस्फोरिलेटेड टाऊ हे दुसरे प्रथिन मात्र मर्यादेत होते. म्हणजे गाळ साचू लागला आहे, पण टाऊमधला बदल, जो विस्मरणाशी अधिक जवळून जोडलेला असतो, तो अजून मर्यादा ओलांडून गेलेला नाही. अ‍ॅमिलॉइड काढणारी औषधे अमेरिकेत २०२३ पासून नियमित मान्यतेने वापरात आली आहेत, पण त्यांमुळे मेंदूत सूज येण्याचा आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि ई-४ असलेल्यांत तो अधिक असतो. जे जनुक मला त्या रात्री कोणी समजावले नव्हते, ते या निर्णयात खऱ्या अर्थाने कामाला आले. आम्ही ते औषध न घेण्याचे ठरवले; रक्तदाब, साखर, कानाचे यंत्र आणि रोजचे चालणे यांवर भर ठेवला.

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाच्या, लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी पी-टाऊ-२१७ (फॉस्फोरिलेटेड टाऊचाच एक प्रकार) आणि अ‍ॅमिलॉइड यांच्या गुणोत्तराच्या रक्तचाचणीला परवानगी दिली. मुलाने बातमी पाठवली आणि विचारले की ही आधी असती तर कमरेत सुई घ्यावी लागली नसती ना? मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की पुष्कळांचे काम रक्तावर भागेल, पण मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर हे प्रथिन रक्तात वाढलेले दिसू शकते, म्हणून क्रिएटिनिन न पाहता तो आकडा वाचू नये. मला वाटते ही चाचणी लवकरच आपल्याकडच्या पॅकेजांत येईल, आणि माझ्यासारखी कोणीतरी बाई रात्री साडेनऊला तो आकडा एकटीने उघडेल. तिच्याजवळ कोणीतरी बसलेले असावे, एवढी माझी तळमळ आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसरी चाचणी झाली. गुण चोवीसच. एमआरआयमध्ये डावी बाजू तशीच, श्रेणी दोन. आता किमान दोन चित्रे शेजारी ठेवता आली. या वेळी सोळा प्रश्नांची यादी यजमानांनी भरली, कारण मुलीला रजा मिळाली नव्हती. परतीच्या गाडीत मी त्यांना विचारले की कुठे 'बिघडले' लिहिले. कऱ्हाड येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, 'घरच्या हिशोबाला थोडं बिघडलं असं लिहिलं.' दिवाळीआधी मी दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले होते; त्याने प्रामाणिकपणे परत आणून दिले आणि त्यांनी ते मला न सांगता डब्यात ठेवले होते. तीस गुणांच्या कागदात हे कुठे दिसले नव्हते. मी म्हटले की पुढच्या वेळी मला त्याच दिवशी सांगत जा.

त्या महिन्यापासून हिशोबाची वही मीच लिहिते. दर रविवारी ते माझ्या शेजारी बसून बेरीज तपासतात, आणि खाली आम्ही दोघेही तारखेसह सही करतो.